तुळसाबाईंची करणी

महाडात ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. जेवणं झाली, पानाचं तबक फिरायला लागलं की कुणीतरी म्हणतो, "ती करणीवाली मास्तरीण ठाऊक आहे का तुम्हांला?" आणि मग ज्याला जसा सुचेल तसा मीठमसाला लावून सांगतो. डोंगरातले अडाणी लोक, बीजगणितातला एक शब्द, त्यांना वाटला जादूटोणा. झालं, हसा! परवा एका मुंजीत मी ती पुन्हा ऐकली आणि अर्ध्या पानावरून उठले. यजमानीणबाई मागोमाग आल्या. "सरोजताई, काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, पित्त झालंय." पित्त नव्हतं, संताप होता. तिथल्या तिथं बोलले असते तर बरं झालं असतं. नाही बोलले, म्हणून आता लिहायला बसले आहे.

तुळसाबाईंच्या हाताखाली मी महाडच्या मुलींच्या शाळेत चार वर्षं काम केलं. उंच, सावळ्या, कपाळ मोठं, आणि आवाज असा की नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी. त्यांच्या रागाला सगळं गाव वचकून असे. एकदा एका मुलीचे वडील शाळेत येऊन म्हणाले, "पोरीच्या जातीला एवढा हिशेब कशाला?" बाईंनी त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि म्हणाल्या, "घरी जा, मुलीला विचारा तिला कशाला हवा ते, मग येऊन छत्री न्या." भर श्रावणात तो गृहस्थ भिजत घरी गेला.

मला वाटायचं, जन्मापासूनच असा स्वभाव असणार. त्या म्हणायच्या, "छे गं! लहानपणी मी रडकी होते. राग नंतर आला."

त्या तुडीलच्या. वडील महिपत सावित्रीच्या खाडीत होडी चालवायचे. भरतीबरोबर माल वर आणायचा, ओहोटीबरोबर खाली न्यायचा. तेराव्या वर्षी तुळसाचं लग्न झालं. नवरा मुंबईला गिरणीत. तो एका शिमग्याला आला, एका गणपतीला आला, आणि मग यायचाच बंद झाला. त्यानं मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सासू तुळसालाच म्हणाली, "तुज्यातच कायतरी खोट असंल." तुळसा माहेरी निघून आली.

महिपतनं मात्र एक गोष्ट केली. पोरीला होडीत घातलं, महाडला आणलं आणि मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई गोदावरीबाई यांच्यासमोर उभं केलं. "माजी पोर शिकंल काय?" गोदावरीबाई म्हणाल्या, "मला काय विचारता? तिला विचारा." तुळसा म्हणाली, "शिकंन." सतरा वर्षांची ही बाई सात वर्षांच्या पोरींच्या रांगेत जाऊन बसली. पोरी तिला आजी म्हणत. तिनं सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास केली आणि गोदावरीबाईंनी खटपट करून तिला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडलं.

तिथं बीजगणित होतं, आणि बीजगणितात करणीचं प्रकरण. जे ते शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते, नाहीतर पुढचं नीट समजायचं नाही. नऊचं वर्गमूळ तीन, सोळाचं चार. अशा संख्या म्हणजे पूर्ण वर्ग. पण दोनाचं वर्गमूळ काढायला बसा, दशांश स्थळं लिहून हात दुखेल, ते संपायचं नाही. म्हणून दोन मुळाच्या चिन्हाखाली तसेच ठेवतात. अशा न सुटणाऱ्या मुळाला करणी म्हणतात. शब्द शेकडो वर्षांचा जुना आहे, संस्कृतातून आलेला. आता ही करणी सोपी करायची रीत अशी. बहात्तराची करणी घ्या. बहात्तर म्हणजे छत्तीस दुणे. छत्तीस पूर्ण वर्ग, म्हणून तो चिन्हाबाहेर निघतो. बाहेर येताना सहा होऊन येतो. आत दोन उरतात. बहात्तराचं मूळ म्हणजे दोनाच्या मुळाची सहापट.

तुळसाबाईंना हे काही केल्या जमेना. बहात्तरात त्यांना छत्तीस दिसायचाच नाही, चार दिसायचा. मग चाराचे दोन बाहेर काढून अठरा आत ठेवायच्या आणि थांबायच्या. शिकवणारे गृहस्थ खाली लिहायचे, "अपुरे." आत अजून नऊ शिल्लक आहे, तो कोण काढणार? पण त्यांची खरी अडचण निराळीच होती. त्यांनी वर्गात उभं राहून विचारलं, "छत्तीस आत होता, मग बाहेर येताना सहा का होतो?"

उत्तर मिळालं, "नियम आहे."

त्या मला म्हणाल्या, "सरोज, राग तिथं आला बघ. नवरा येत नाही तरी कुंकू लाव, का तर नियम आहे. खोट माझ्यातच, का तर नियम आहे. आता गणितसुद्धा तेच सांगायला लागलं!"

उत्तर त्यांना वसतिगृहाच्या मागच्या अंगणात सापडलं. अंगणाला चौकोनी फरशी होती आणि झाडायची पाळी त्यांची होती. झाडता झाडता दिसलं की दोन फरश्या आडव्या, दोन उभ्या घेतल्या की चार फरश्यांचा मोठा चौरस होतो. तीन आडव्या, तीन उभ्या, की नऊ फरश्यांचा. आता एकेका फरशीचं क्षेत्र दोन धरलं, तर नऊ फरश्यांचं अठरा. आणि त्या मोठ्या चौरसाची बाजू? एका फरशीच्या बाजूच्या तिप्पट. म्हणजे अठराचं मूळ दोनाच्या मुळाच्या तिप्पट! बाहेर येणारा आकडा म्हणजे एका ओळीत बसणाऱ्या फरश्या. पाच फरश्यांचा चौरस मांडता येत नाही, म्हणून पाच बाहेर येत नाही. नियम कुणी लादलेला नव्हता, पायाखालीच होता. त्या दिवशी केरसुणी टाकून त्या फरशीवरच बसल्या आणि रडल्या. पुढं त्या करणीच्या इतक्या नादी लागल्या की बाकीच्या मुली त्यांना चिडवत.

पहिलं वर्ष पास झालं आणि वडील अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. शिक्षण अर्ध्यावर टाकून त्या परतल्या. वडील गेले. दुसऱ्या वर्षाची परीक्षा नोकरी करून बाहेरून द्यायची असं ठरलं, आणि एकतीस सालच्या जूनमध्ये स्कूल बोर्डानं त्यांना पोलादपूरच्या पलीकडं, उमरठच्याही वर डोंगरात, शेवरीच्या वाडीला नेमलं. तिथं एकही मास्तर टिकत नव्हता. ही एकटी बाई, हिच्या वतीनं जाब विचारणारं कोण आहे, टिकली तर टिकली, असा तो हिशेब होता.

त्या टिकल्या. शाळा सोमजाईच्या देवळाच्या सभामंडपात भरायची. देवळामागं एक खोली राहायला. फळा पोलादपूरहून दोन माणसांनी डोक्यावर वाहून आणला होता. पावसात पोरं येत नसत, शेतं झाली की येत. दिवाळीपर्यंत वाडीतली बहुतेक पोरं पाटीवर आपलं नाव लिहायला लागली. गावकीचा पुढारी सोनबा स्वतः येऊन म्हणाला होता, "बाय, तू मास्तरांपरीस बरी."

सोनबाची सून आवडी. असेल अठरा वर्षांची. नवरा मुंबईला. ती रानातून गवताचा नाहीतर लाकडाचा भारा घेऊन उतरायची आणि देवळाच्या पायरीवर टेकायची. तुळसाबाईंचा तिच्यावर जीव जडला होता. स्वतःचं जुनं रूपच त्यांना तिच्यात दिसत असणार. पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी तिला अक्षरं शिकवली.

पौषातली दुपार होती. पोरं घरी गेली होती आणि तुळसाबाई परीक्षेची तयारी करत फळ्यावर गणितं सोडवत होत्या. आवडी आली. सातवा महिना चालू होता, तरी डोक्यावर भारा होताच. तो उतरवून ती पायरीवर बसली.

"बाय, पोरं तर गेली. आता कुनाला शिकिवता?"

"स्वतःला. माझी परीक्षा आहे."

"तुमाला पन परीक्षा?" आवडी हसली. "ह्ये काय लिवलंय?"

"करणी," तुळसाबाई म्हणाल्या.

आवडीचं हसू मावळलं असणार. तुळसाबाईंचं तोंड फळ्याकडं होतं, त्यांना ते दिसलं नाही. त्या आपल्या तंद्रीत सांगत राहिल्या. "हे बघ, हे छप्पर दिसतंय ना? त्याच्या आत बहात्तर आहेत. सगळे काही बाहेर येत नाहीत. आत कोण लपलाय तो हुडकायचा. हा बघ, छत्तीस. ह्याला बाहेर काढला. बाहेर आला की तो छत्तीस राहत नाही, सहा होतो. आत उरले दोन. ते कधीच बाहेर येत नाहीत."

"मंग त्ये दोन आत ऱ्हाऊन काय करतात?"

"काही नाही. राहतात."

आवडी उठली. भारा उचलून गेली.

त्याच महिन्यात, असाच भारा घेऊन उतरताना, आवडीच्या पोटात कळ आली. शेजारणींनी तिला धरून घरी नेलं. संध्याकाळी ती बाळंत झाली. मुलगा होता. मेलेला.

तुळसाबाईंना हे देवळातल्या गुरविणीकडून कळलं. सकाळी शाळेची घंटा त्यांनी वाजवली, पण पोरं आली नाहीत. भावकीत सुतक, येणार नाहीत, असं त्यांना वाटलं. त्या थोडा गूळ आणि सुंठ घेऊन आवडीला भेटायला गेल्या. अंगणाच्या तोंडाशीच आवडीची सासू बनुबाई आडवी उभी राहिली.

"पाय टाकू नको अंगनात."

"अहो, मी आवडीला बघायला आले."

"बघितलंस तेवढं रगड झालं. आजून काय बघायचं ऱ्हायलंय? आतलं बाहेर काढलंस, आता आनखी दोन आत ठेवून मारनार हायस काय?"

तुळसाबाईंना काही उमजेना. "काय बोलता तुम्ही? कुणाला मारलं मी?"

"तुज्याच तोंडानं सांगितलंस की! करनी करतंय म्हनून. माज्या सुनंला सांगितलंस. देवीच्या म्होरं बसून करतंस, रांडं!"

पुढं कळलं ते असं. आवडी बाळंतपणाच्या तापात असताना सासूनं तिला विचारलं होतं, कुठं गेली होतीस, कुणाच्या सावलीत बसली होतीस? आवडीनं जसं ऐकलं होतं तसं सांगितलं. बाई करणी करत होत्या. आतलं बाहेर काढायचं म्हणत होत्या. दोन आतच राहतात, ते कधी बाहेर येत नाहीत म्हणाल्या. वाडीचा भगत गोमाजी याला बोलावलं. त्यानं त्याचा अर्थ लावून दिला, हिच्या पोटी आणखी दोन मुलं आहेत, ती बाईनं बांधून ठेवली.

तुळसाबाई त्या अंगणाबाहेर उभ्या राहून ओरडल्या. महाडची, पुण्याची भाषा गळून पडली आणि तुडीलची वर आली. "आगो, त्यो हिशेब हाय! आकडं हायत त्ये! आवडे, ये बाहेर, सांग ह्यांना, मी तुला काय केलं? पानी पाजलं, आक्षरं शिकिवली, आनखी काय केलं?" आत अंधारात आवडी निजली होती. ती बाहेर आली नाही, बोललीही नाही. बनुबाईनं शेणाचा गोळा उचलून मारला. तो गुळाच्या पुडीवर बसला.

त्या दिवसापासून दारात राख पडू लागली. गुरविणीनं पाणी देणं थांबवलं. एकदा छपरावर दगड आले, कौलं फुटली. तुळसाबाई रोज घंटा वाजवत होत्या आणि रिकाम्या सभामंडपात बसत होत्या. मी विचारलं, "भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "भीतीला जागाच नव्हती. सगळी जागा रागानं अडवली होती."

मग सोनबानं देवळात बैठक बोलावली. तो दुष्ट माणूस नव्हता, हे बाईसुद्धा कबूल करत. तो समजुतीनंच बोलला. "बाय, तू परक्या गावची, एकली. आमी तुला मारीत नाय, हाकलीत नाय. देवीम्होरं नारळ ठेव आन सांग, पुन्यांदा करनी करनार नाय. सपलं. उद्यापासनं पोरं धाडतो."

आमच्या महाडातले शहाणे म्हणतात, ठेवायचा होता नारळ! काय बिघडलं असतं? मला ह्या शहाण्यांचा सगळ्यांत जास्त राग येतो. नारळ ठेवून "पुन्हा करणार नाही" म्हटलं, की आधी केली होती असं झालं. म्हणजे ते मूल तुम्ही मारलं. एका चिमुकल्या नारळात एवढं सगळं कबूल करायचं?

तुळसाबाई म्हणाल्या, "मी ती करनी केलीच नाय, तर सोडू कशी? आन ही करनी मी सोडनार नाय. काय हाय ती, बघाच आता समद्यांनी."

त्यांनी खडू घेतला आणि सभामंडपाच्या जमिनीवर मोठा चौरस काढला. त्यात दोन उभ्या, दोन आडव्या रेघा. नऊ घरं झाली. प्रत्येक घरात दोनाचा आकडा लिहिला. त्यांना पुण्याची फरशी दाखवायची होती. नऊ घरांचे मिळून अठरा, आणि बाजू तीन घरांची, एवढंच. शेजारी मुळाचं चिन्ह काढलं आणि त्या सांगायला लागल्या. त्यांना खरंच वाटलं होतं, हे एकदा दिसलं की लोक हसतील आणि घरी जातील.

गोमाजी भगत पुढं झाला, वाकून बघितलं आणि किंचाळला, "यंत्र! यंत्र मांडलंय देवीच्या दारात!"

भिंतीकडेला बसलेल्या बायका उठल्या. पोरांना ओढत बाहेर पळाल्या. कुणीतरी शेणाचं पाणी आणून जमिनीवर ओतलं. दोघाचौघांनी फळा उचलला, पायरीवर आपटला, फळ्या मोकळ्या झाल्या, त्या दरीत भिरकावल्या. गोमाजीनं तुळसाबाईंच्या हातातला खडू घ्यायला मनगट धरलं आणि त्यांनी दुसऱ्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. अशी की त्याचं मुंडासं उडालं.

"त्याचं मला वाईट नाही वाटलं," त्या म्हणायच्या. "एकच दिली, ह्याचं वाटतं."

मग मात्र सोनबानंसुद्धा कुणाला आवरलं नाही. माणसं अंगावर आली. तुळसाबाई नेसत्या लुगड्यानिशी डोंगर उतरल्या. मागून दगड येत होते, एक खांद्याला लागला. त्या खांद्यात पुढं पावसाळ्यात कळ यायची.

दुसऱ्या दिवशी त्या महाडला डेप्युटींसमोर उभ्या होत्या. शाळा तपासणारे हे अधिकारी, नाव दत्तोपंत, पदवीधर, देखणे, बोलायला गोड. समोर दोन मास्तर कामासाठी बसले होते. तुळसाबाईंनी घडलं ते सांगितलं. करणी हा शब्द आला आणि दत्तोपंतांच्या ओठाचा कोपरा हलला. बहात्तराचं आलं, आतलं बाहेर काढायचं आलं, आणि ते खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं हसले.

"वा! ऐकलंत का मास्तर? करणी! अहो, हे तर एखाद्या मासिकाकडं पाठवायला हवं!"

ते दोघे मास्तरही हसले. साहेब हसल्यावर हसायलाच हवं.

तुळसाबाई थांबल्या. हसणं संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हसलात."

"अहो बाई, विनोदच आहे तो. रागावता काय?"

"तिथं एक मूल गेलंय. त्याच्या आईला वाटतंय मी मारलं. ह्यातला विनोद कुठला, तो मला दाखवा. मीही हसते."

दत्तोपंतांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. अधिकारी माणूस, सावरला. म्हणाले, "हे पाहा, तुम्ही ग्रामस्थाला मारलंत. तक्रार आली तर मला कारवाई करावी लागेल. तुमच्या भल्याचं सांगतो, मी तुमची बदली इथं मुलींच्या शाळेत करतो. आणि जरा डोकं वापरायचं होतं. वर्गमूळ म्हणायचं! तुम्हांला त्या लोकांत करणी म्हणायला सांगितलं कुणी?"

"पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक पुण्यात छापतात बाई, वाडीत नाही."

"मग नवा फळा द्या आणि मला परत पाठवा. मी वर्गमूळ म्हणते. पण सोबत तुम्ही चला. तुम्ही साहेब, तुमचं ऐकतील. चार शब्द सांगा की हिनं काही केलेलं नाही."

दत्तोपंत म्हणाले, पाहू. दौऱ्याचं काम फार आहे, सवड झाली की पाहू. सवड कधी झाली नाही. गोष्ट सांगायला मात्र झाली. त्याच आठवड्यात ती महाडच्या ओसऱ्याओसऱ्यांवर पोचली होती. शेवरीच्या वाडीचे लोक भ्याले, म्हणून त्यांनी दगड मारले. हे भ्याले नव्हते. ह्यांना सगळं समजत होतं. ज्यांना समजतं त्यांचं काम हसायचं, एवढंच?

त्या वर्षी तुळसाबाईंनी दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि पास झाल्या. पण त्यांच्या डोक्यातून आवडी जात नव्हती. सोनबा, गोमाजी, दत्तोपंत ह्यांच्यावर रागावणं सोपं होतं. आवडीचा राग वेगळाच होता, तो गिळताही येईना. तिनं एक शब्द बोलायला हवा होता. सुट्टीच्या दिवशी त्या पोलादपूरच्या बाजाराला जाऊ लागल्या. वाडीची माणसं तिथंच उतरतात.

दसऱ्यानंतर एकदा आवडी दिसली. हिरड्याची पाटी पुढ्यात घेऊन एकटीच बसली होती. बाईंना बघून ती उठायला लागली. तुळसाबाईंनी तिचा हात धरला.

"बस खाली. आज ऐकल्याशिवाय जायचं नाय."

आवडी बसली. तुळसाबाईंनी तिच्याच पाटीतले हिरडे काढले आणि जमिनीवर तीन-तीनच्या तीन ओळी मांडल्या. "हे किती?"

"नऊ."

"चौकोन झाला?"

"झाला."

"एका बाजूला किती?"

"तीन."

"झालं. मी एवढंच करत हुते. नऊचा चौकोन हुतो, म्हनून त्याचं तीन बाहेर सांगायचं. दोनाचा हुईत नाय, म्हनून त्ये आत ठेवायचं. ह्याच्याबाहेर त्यात कायबी नाय. देव नाय, भूत नाय, तुजं पोर नाय."

आवडी त्या हिरड्यांकडं बघत राहिली. "ह्ये तर पोरी खेळाय मांडतात."

"मंग? तेच तर!"

"मंग ह्याला असं वंगाळ नाव कशापायी ठेवलं?"

"जुनं नाव हाय गो. मी नाय ठेवलं."

आवडीनं एकेक हिरडा उचलून पाटीत टाकला. मग खालच्या आवाजात विचारलं, "मंग माजं पोर कशानं गेलं?"

तुळसाबाईंना इतके महिने हेच बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "सातव्या म्हैन्यात तुज्या डोक्यावर भारा हुता. रोज हुता. डोंगर चढायचीस, उतरायचीस. तुज्या सासूनं पाठवली, सासऱ्यानं बघितली, कुनी नको म्हनलं नाय. त्यानं गेलं तुजं पोर. कुनाच्या करनीनं नाय."

"त्ये ठावं हाय मला," आवडी म्हणाली.

"ठावं हाय?" तुळसाबाई म्हणाल्या.

"पैल्या दिसापासनं ठावं हाय. मंग काय करू, बाय? सासूला म्हनू, तू मारलंस? आन मंग तिच्याच हातची भाकरी खाऊ? मला त्याच घरात ऱ्हायाचं हाय. त्यांनी इचारलं, कुनी केलं. तुमचं नाव निघालं. तुमी बाहेरच्या. तुमच्यावर घातलं की घर ऱ्हातं."

"आन माजं काय गो?" तुळसाबाई ओरडल्या. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. "मला दगड घातले! माजी शाळा मोडली! एक शबूद बोलली असतीस तर—"

"रागावलाव?"

"हो, रागावले!"

"ऱ्हावा रागं. तुमचा राग खरा हाय." आवडीनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. "पन वर येऊ नका. ह्ये जे मला सांगितलंव, त्ये कुनाला सांगू नका. मला पुन्यांदा दिवस गेल्यात."

आणि ती गर्दीतून निघून गेली. डोक्यावर पाटी, मान ताठ. कितवा महिना ते तुळसाबाईंना विचारायचं सुचलं नाही.

हे त्यांनी मला शाळेच्या मागच्या खोलीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तिला माफ केलं असं लोकांना सांगू नकोस. केलेलं नाही. पण तिच्या जागी मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, म्हणून जास्त राग येतो." आवडीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. बाईंना कळलं होतं की नाही, हेही ठाऊक नाही.

महाडला त्या सातवीच्या मुलींना करणी शिकवत राहिल्या. अभ्यासक्रमात नव्हती, तरी शिकवत. करणीच म्हणत. वर्गमूळ म्हणा, असं गोदावरीबाईंनीसुद्धा सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, "ह्या शब्दासाठी मी दगड खाल्लेत, आता तो माझा आहे." गेल्या पावसाळ्यात विषमज्वराचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. तापातही नर्सवर ओरडत होत्या.

त्या गेल्यावर, माघात, मी शेवरीच्या वाडीला जाऊन आले. वाट फार चढाची आहे. मी रिकाम्या हातांनी चढत होते, तरी दोन ठिकाणी बसावं लागलं. सोमजाईच्या सभामंडपात गवताच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, वरपर्यंत. बाहेर एक बाई नाचणी पाखडत होती. मी तिला विचारलं, "इथं शाळा कुठं भरते?" तिनं सूप न थांबवता हनुवटीनं खाली दाखवलं, दूर, पोलादपूरच्या बाजूला.